मौन धरलेलें जनुक

घरांत मूल जन्माला आलें म्हणजे माळ्यावरचा पाळणा खालीं येतो. मूल चालूं लागलें कीं तोच पाळणा पुन्हां माळ्यावर जातो. तो मोडून कोणी चुलींत घालीत नाहीं. त्याची गरज तेवढी संपलेली असते. प्रत्येक मनुष्याच्या रक्तांत असाच एक पाळणा गुंडाळून ठेवलेला आहे. मातेच्या उदरांत असतांना उपयोगी पडलेलें एक जनुक जन्मानंतर कांहीं महिन्यांतच गप्प बसतें आणि पुढें आयुष्यभर जवळजवळ तोंड उघडीत नाहीं. तें नष्ट होत नाहीं. जेथें होतें तेथेंच, जसेंच्या तसें असतें. निरोगी मनुष्याला या मौनाची वार्ताहि नसते. परंतु जगांतील लक्षावधि कुटुंबांच्या दृष्टीनें, आणि त्यांत विदर्भांतील व सातपुड्याच्या कुशींतील पुष्कळ कुटुंबें आलीं, हें जनुक कां गप्प झालें व तें पुन्हां बोलतें करतां येईल कीं नाहीं, हा जीवनमरणाचा प्रश्न होय. त्याचें उत्तर हातीं येण्यास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं.

या शोधाचा आरंभ १८६६ सालीं बाल्टिक प्रदेशांतील डोरपात विद्यापीठांत झाला. तें शहर आज एस्टोनिया देशांत असून तार्तू या नांवानें ओळखलें जातें. तेथें कोर्बर नांवाच्या वैद्यकाच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधासाठीं एक साधी परीक्षा केली. रक्तांतील लाल द्रव्यावर अल्कली घातली असतां प्रौढ मनुष्याचें द्रव्य लवकर बिघडे, परंतु नवजात अर्भकाच्या नाळेंतील रक्ताचें द्रव्य बराच वेळ टिकून राही. अर्थात् दोहोंच्या रक्तांतील लाल द्रव्य एकच नव्हे, हें उघड झालें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं ब्र्यून येथील मठांत राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यांवरील निबंध छापून प्रसिद्ध झाला आणि आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया घातला गेला. एकानें रक्त पाहिलें, दुसऱ्यानें वाटाणे पाहिले. या दोन वाटा एकत्र मिळावयास मात्र फार काळ जावयाचा होता.

तें लाल द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन. प्राणवायु वाहून नेणें हें त्याचें काम. त्याचा प्रत्येक रेणु चार सांखळ्यांचा बनलेला असतो. प्रौढांत दोन अल्फा व दोन बीटा सांखळ्या असतात. गर्भांत मात्र बीटाच्या जागीं गॅमा नांवाच्या सांखळ्या असतात. यांत निसर्गाची मोठी योजना आहे. गर्भाला स्वतःचा श्वास नाहीं. त्याला मातेच्या रक्तांतून प्राणवायु ओढून घ्यावा लागतो. म्हणून त्याचें हिमोग्लोबिन प्राणवायूला अधिक घट्ट धरणारें असतें. जन्मसमयीं रक्तांतील बहुतेक हिमोग्लोबिन याच जातीचें असतें. पुढें वर्षभरांत तें उतरत जाऊन शेंकडा एकदोन एवढेंच राहतें. हा पालट जन्माच्या घटकेवरहि अवलंबून नाहीं. दिवस पुरे होण्यापूर्वीं जन्मलेल्या मुलांतहि तो गर्भधारणेपासूनच्या दिवसांच्या हिशेबानेंच होतो. पेशीच्या पोटांत जणूं कोणी पंचांग घेऊन बसलेलें असतें.

या पंचांगाकडे वैद्यांचें लक्ष वेधलें तें एका भयंकर व्याधीमुळें. १९१० सालीं शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं ग्रेनाडा बेटांतून शिकण्यास आलेल्या एका तरुणाच्या रक्ताचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याच्या रक्तपेशी नेहमींसारख्या वाटोळ्या नसून कित्येक पेशी विळ्यासारख्या वांकड्या झालेल्या होत्या. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तप्रवाह तुंबतो, आणि हाडें, छाती, पोट यांत असह्य वेदना उठतात. पेशी अकालीं फुटत असल्यामुळें अंगीं रक्त ठरत नाहीं. आज मराठी घरांतहि या व्याधीस ‘सिकलसेल’ याच नांवानें ओळखतात. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं अशा रोग्यांचें हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रांत निराळ्या गतीनें सरकतें हें दाखवून रोगाचें मूळ थेट एका रेणूंत असल्याचें सिद्ध केलें. पुढें १९५६–५७ मध्यें केंब्रिज येथें व्हर्नन इंग्रॅम यांनीं तो दोष नेमका हुडकून काढला. बीटा सांखळींत १४६ घटक असतात. त्यांपैकीं सहाव्या जागचा एकच घटक बदललेला असतो. एवढ्याशा फरकानें प्राणवायु सोडून दिलेले रेणु एकमेकांस चिकटतात, त्यांचे ताठ दोर बनतात आणि पेशी आंतून वांकते.

परंतु या रोगाचें एक कोडें कोणत्याहि आईच्या नजरेंतून सुटण्यासारखें नव्हतें. दोष जन्मापासूनचा, तरी मूल पहिले कांहीं महिने अगदीं हंसतें-खेळतें असतें. मग सहा महिन्यांच्या आगेमागें एके दिवशीं त्याचे हातपाय सुजतात, तें कळवळून रडूं लागतें, आणि घराची झोंप उडते. १९४८ सालीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनीं नवजात मुलांचें रक्त तपासून या कोड्यावर बोट ठेवलें. अशा मुलांच्या रक्तांत वांकड्या होणाऱ्या पेशी फारच थोड्या आढळत. याचें कारण त्यांच्या रक्तांत अद्याप गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन भरपूर आहे, असें अनुमान त्यांनीं मांडलें. तें पुढें खरें ठरलें. गॅमा सांखळीचा रेणु त्या ताठ दोरांत गुंफला जात नाहीं; उलट दोर वळण्याच्या कामांत तो मोडता घालतो. म्हणजे रोग सुरू होतो तो दोष नव्यानें उपजल्यामुळें नव्हे, तर रक्षण करणारें जनुक गप्प झाल्यामुळें!

थोड्याच वर्षांत याला दुसरा दुजोरा मिळाला. आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना देश. तेथें १९५५ च्या सुमारास अशीं माणसें आढळलीं कीं, ज्यांच्या रक्तांत मोठेपणींहि गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन पुष्कळ होतें आणि तरीहि तीं निरोगी होतीं. त्यांचा पाळणा माळ्यावर गेलाच नव्हता! असा गुण एका पालकाकडून व सिकलचा दोष दुसऱ्याकडून आला असतां मनुष्य जवळजवळ व्याधिमुक्त राहतो असें दिसून आलें. निसर्गानें स्वतःच प्रयोग करून उत्तर पुढें मांडलें होतें: औषध रोग्याच्याच शरीरांत आहे, त्याला जागें मात्र करतां आलें पाहिजे. तें जागें कसें करावें, हें सांगणारें शास्त्र त्या वेळीं अस्तित्वांतच नव्हतें.

तें शास्त्र निराळ्याच ठिकाणीं, युद्धाच्या सावलींत वाढत होतें. १९४० सालीं जर्मनांनीं पॅरिस घेतलें. त्या काळांत जाक मोनो नांवाचा तरुण जीवशास्त्रज्ञ तेथील विद्यापीठांत जंतूंना दोन प्रकारच्या शर्करा एकदम खावयास घालून त्यांची वाढ मोजीत होता. जंतु प्रथम एक शर्करा संपवीत, मग कांहीं वेळ वाढ थांबे, आणि नंतर ते दुसरीकडे वळत. मधल्या विरामांत जंतु काय करतात, या प्रश्नानें मोनोला पछाडलें. पुढें तो शत्रूविरुद्ध गुप्त लढ्यांतहि उतरला. दुसरा तरुण फ्रान्स्वा जाकॉब. हा वैद्यकाचें शिक्षण अर्धवट टाकून १९४० मध्यें स्वतंत्र फ्रेंच सैन्यास मिळाला, आफ्रिकेंत लढला आणि १९४४ मध्यें नॉर्मंडींत जबर जखमी झाला. शस्त्रवैद्य होण्याची त्याची आशा तेथेंच संपली. १९५० मध्यें तो पाश्चर संस्थेंत संशोधनासाठीं आला, आणि या दोघांची जोडी जमली.

मोनोच्या जंतूंत दुधांतील शर्करा पचविणारें विकर ती शर्करा भोंवतीं असल्यावरच मोठ्या प्रमाणावर तयार होई. पहिली कल्पना अशी होती कीं, शर्कराच जनुकाला हांक मारून कामाला लावते. प्रयोगांनीं ती उलटी करून टाकली. जनुक बोलावयास सदैव तयारच असतें. एक निरोधक प्रथिन त्याच्या मुखाशीं बसून त्याला बोलूं देत नाहीं. शर्करा आली कीं ती त्या निरोधकास बाजूला ओढते आणि जनुकाचा कंठ मोकळा होतो. १९६१ सालीं जाकॉब व मोनो यांनीं हा सिद्धांत विस्तारानें प्रसिद्ध केला. १९६५ चें नोबेल पारितोषिक त्यांना, त्यांचे ज्येष्ठ सहकारी आंद्रे ल्वॉफ यांच्यासह, मिळालें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत वॉल्टर गिल्बर्ट व बेनो म्युलर-हिल यांनीं तें निरोधक प्रथिन प्रत्यक्ष वेगळें काढलें. एका जंतूंत त्याचे जेमतेम दहाबारा रेणु असतात, पण तेवढे पहारेकरी पुरे होतात. जनुकाचें मौन हा अभाव नसून तें एक कार्य आहे. त्यासाठीं कोणीतरी सतत राबत असतें, हा या शोधाचा खरा धडा होता.

मनुष्याच्या पेशींत मात्र प्रकरण याहून गुंतागुंतीचें आहे. एका पेशींतील डीएनएचा धागा ताणून धरला तर सुमारें दोन मीटर भरेल. एवढा धागा डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रांत मावावा म्हणून तो हिस्टोन नांवाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. गुंडाळी सैल असेल तेथील जनुकें वाचलीं जातात. घट्ट असेल तेथील वाचतां येत नाहींत. शिवाय डीएनएच्या कांहीं अक्षरांवर मिथाइल नांवाचे बारीक रासायनिक शिक्के बसतात. पेशीचे दोन भाग झाले तरी हे शिक्के नव्या पेशींत उतरतात आणि जनुकांचें मौन पिढ्यान् पिढ्या राखण्यास ते साह्य करतात, असा तर्क १९७५ सालीं अमेरिकेंत आर्थर रिग्ज यांनीं आणि इंग्लंडमध्यें रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनीं स्वतंत्रपणें मांडला. १९८० मध्यें ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनीं पाहिलें, तों प्रौढांच्या रक्त घडविणाऱ्या पेशींत गॅमा जनुकांपाशीं असे शिक्के होते, आणि गर्भाच्या तशाच पेशींत ते जवळजवळ नव्हते. पाळणा माळ्यावर नुसता टाकलेला नव्हता. तो बांधून त्यावर मोहोर लावलेली होती.

मोहोर दिसली, तेव्हां ती उखडून पाहण्याचा मोह होणें साहजिकच होतें. प्राग येथें १९६४ मध्यें तयार झालेलें अझासायटिडिन नांवाचें कर्करोगावरील औषध हे शिक्के बसूं देत नाहीं, हें माहीत झालेलें होतें. १९८२ सालीं तें प्रथम बॅबून माकडांना आणि लगेच थोड्या रोग्यांना देण्यांत आलें. गप्प पडलेलें जनुक खरोखरच बोलूं लागलें! परंतु हें औषध पेशींच्या साऱ्या कारभारांत ढवळाढवळ करणारें, त्यामुळें दीर्घकाळ देण्यास धोक्याचें होतें. म्हणून त्याहून सौम्य असें हायड्रॉक्सियुरिया वापरून पाहण्यांत आलें. हें द्रव्य १८६९ मध्येंच जर्मनींत तयार झालेलें होतें. १९८४ पासून त्याचे प्रयोग सुरू झाले आणि १९९५ सालीं २९९ प्रौढ रोग्यांवरील मोठ्या चांचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. वेदनेचे झटके वर्षाला सरासरी साडेचार येत, ते अडीचवर आले. प्रथमच या रोग्यांच्या हातीं एक साधी गोळी आली. तरी तिचा गुण सर्वांना सारखा येत नसे. पहारेकरी कोण, हें अद्याप कोणालाच ठाऊक नव्हतें. आंधळ्यानें कुलूप चांचपावें तसा हा प्रकार होता.

पहारेकऱ्याचा माग लागला तो लोकसमूहांच्या पाहणींतून. मोठेपणीं गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन कोणाच्या रक्तांत किंचित् अधिक व कोणाच्या किंचित् कमी राहतें, हें मोजून त्या लोकांच्या जनुकांची तुलना करण्यांत आली. २००७ मध्यें लंडन येथील व २००८ मध्यें सार्डिनिया बेटावरील पाहणींत एकाच जागेकडे बोट दाखविलें गेलें: दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल-११ए हें जनुक. त्याचें नांव कर्करोगाच्या अभ्यासांतून आधींच परिचित होतें; रक्ताच्या या पालटाशीं त्याचा संबंध असेल असें मात्र कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. २००८ च्या अखेरीस बोस्टन येथें विजय शंकरन व स्टुअर्ट ऑर्किन यांनीं दाखविलें कीं, या जनुकापासून होणारें प्रथिन कमी केलें असतां गॅमा जनुक पुन्हां बोलूं लागतें. हेंच तें निरोधक! तें गॅमा जनुकाच्या मुखाशीं बसतें आणि गुंडाळी आवळणाऱ्या इतर प्रथिनांना जवळ बोलावून घेतें. २०१८ मध्यें त्याची बसण्याची नेमकी जागाहि सांपडली. मोठेपणींहि पाळणा खालींच राहिलेल्या कित्येक घराण्यांत त्याच जागचीं अक्षरें बदललेलीं असतात, हें कळतांच १९५५ चें कोडें सुटलें. त्या घराण्यांत पहारेकऱ्याला उभें राहण्यास ओटाच उरलेला नव्हता.

आतां प्रश्न उरला तो पहारेकऱ्याला हटविण्याचा. त्याला सरसकट नाहींसा करणें शक्य नव्हतें, कारण मेंदूच्या वाढीला व कांहीं पांढऱ्या पेशींनाहि त्याची गरज असते. येथेंहि जनुकांच्या नियमनाच्या ज्ञानानेंच वाट दाखविली. २०१३ सालीं असें दिसलें कीं, या पहारेकऱ्याच्या जनुकांत डीएनएचा एक छोटा तुकडा असा आहे, जो फक्त लाल रक्तपेशी घडत असतांनाच त्याला बळ देतो. तेवढा तुकडा निकामी केला तर रक्तांतला पहारा उठेल आणि मेंदूंतला तसाच राहील. डीएनए नेमक्या जागीं कापण्याची क्रिस्पर ही युक्ति एमॅन्युएल शार्पांत्ये व जेनिफर डाउडना यांनीं २०१२ मध्यें पुढें आणलीच होती. रोग्याच्या रक्त घडविणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढावयाच्या, त्यांतील तो तुकडा कापावयाचा, आणि त्या परत शरीरांत सोडावयाच्या, असा हा उपाय. नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रिटननें व डिसेंबरांत अमेरिकेनें त्यास मान्यता दिली. त्या वेळीं पुरेसा काळ नजरेखालीं राहिलेल्या ३१ रोग्यांपैकीं २९ जणांना निदान वर्षभर एकहि तीव्र झटका आलेला नव्हता. सिकलचा दोष त्यांच्या पेशींत आहे तसाच आहे. त्याला कोणी हात लावलेला नाहीं. गप्प बसविणाऱ्याला गप्प बसविलें, एवढेंच.

या इतिहासाचा भारताशीं असलेला संबंध वरवरचा नाहीं. १९५२ मध्यें निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत हा दोष असल्याचें प्रथम प्रसिद्ध झालें आणि १९५८ मध्यें नागपूर भागांतील आढळ नोंदला गेला. एकाच पालकाकडून दोष आला असेल तर मनुष्य सहसा आजारी पडत नाहीं, उलट मलेरियाच्या तीव्र तडाख्यापासून त्याचें कांहींसें रक्षण होतें, हें अँथनी ॲलिसन यांनीं १९५४ मध्यें पूर्व आफ्रिकेंत दाखविलें होतें. हिंवतापाच्या रानांतून हा दोष टिकून कां राहिला, याचा उलगडा त्यावरून होतो. दोन्ही पालकांकडून तो आला, म्हणजे मात्र मूल रोगी होतें. ओरिसांतील रोग्यांचा १९८६ मध्यें जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत त्यांच्या रक्तांत गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन बरेंच अधिक असून रोग त्या मानानें सौम्य असल्याचें दिसलें. त्यांच्या पेशींतला पहारा निसर्गतःच थोडा ढिला असतो. तथापि, ही कृपा सर्वांवर सारखी नाहीं. विदर्भांतील मुलांत हें हिमोग्लोबिन अधिक असूनहि पुष्कळांना तीव्र वेदनेचे झटके येतात व रुग्णालयाची पायरी चढावी लागते.

अमेरिकेंत २०२३ मध्यें या नव्या उपायाची किंमत एका रोग्यामागें २२ लाख डॉलर जाहीर झाली. शिवाय त्यासाठीं आधीं तीव्र औषधांनीं अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, आणि त्याकरितां सुसज्ज रुग्णालय लागतें. आठवड्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घरास हा आंकडा ऐकून काय वाटेल, हें सांगावयास नको. त्या घराचा आधार ती जुनी गोळीच आहे, आणि वेळेवर केलेली रक्ताची तपासणी. १ जुलै २०२३ रोजीं भारत सरकारनें या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तींत चाळिशीच्या आंतील ७ कोटि लोकांची तपासणी योजिली असून २०४७ हें उद्दिष्टाचें वर्ष ठरविलें आहे. बाळाचा दोष जन्मतःच कळला तर पहिल्या सहा महिन्यांचा मोलाचा अवधि हातीं लागतो. त्या अवधींत बाळाचें जुनें जनुक अजून बोलत असतें, आणि आईबापांना पुढची तयारी करतां येते.

कोर्बरच्या परीक्षेपासून आजवर हा प्रवास ज्यांनीं घडविला, त्यांतील बहुतेकांना आपण कशाचें दार ठोठावीत आहों याची कल्पना नव्हती. एकानें अल्कलींत न विरघळणारा रंग पाहिला, एकानें जंतूंच्या वाढींतला विराम मोजला, एकीनें तान्ह्या मुलांच्या रक्तांत काय दिसत नाहीं तें टिपून ठेवलें. पेशी जें बोलते तें ऐकणें सोपें असतें. ती जें बोलत नाहीं त्याकडे यांनीं लक्ष दिलें. पाळणा माळ्यावर होता, हें कळावयास एक पिढी लागली. त्याच्या दोऱ्या कोणी बांधल्या, हें कळावयास आणखी दोन. आतां तो खालीं उतरवितां येतो. परंतु तो ज्या घरांत सर्वांत अधिक हवा आहे, त्या घरापर्यंत पोंचणें अद्याप बाकी आहे. आणि तें काम एकट्या प्रयोगशाळेचें नव्हे.